तीस मशीनं, त्यांतली पाच चालू

पत्र थोडक्यात असं आहे.

लिहिणारे वाचक ५१ वर्षांचे. मूळ सिंधुदुर्गातले, बरीच वर्षं अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या उपनगरात राहतात. दिवसभर कॉम्प्युटरवर काम. काही वर्षांपूर्वी शेजारचे वयस्क गृहस्थ घर विकून वृद्धाश्रमात राहायला गेले आणि जाताना आपला बंद पडलेला होमलाइट एक्सएल-१२ चेनसॉ (लाकूड कापायची पेट्रोलवरची करवत) यांना देऊन गेले. यांनी कार्बोरेटर खोलला, त्यातला डायाफ्राम म्हणजे पातळ पडदा बदलला, दोरी ओढली आणि मशीन सुरू झालं. तेव्हापासून शनिवारी सकाळी जुन्या घरांतल्या सामानाच्या विक्रीला जायचं आणि बंद पडलेले चेनसॉ उचलून आणायचे, असा क्रम लागला. आज गॅरेजमध्ये तीसेक मशीनं आहेत: होमलाइट, मॅक्कलक, पायोनिअर, एक योनसेरेड, काही स्टिल. त्यांतली पाच चालू. पत्नी म्हणते, 'भंगारवाल्याचं दुकान झालंय, माझी गाडी बर्फात उभी राहते आणि घरात पेट्रोलचा वास येतो.' कॉलेजात पर्यावरण शिकणारी मुलगी म्हणते, 'बाबा, तुम्ही झाडं कापायची हत्यारं जपताय.' नुकताच घेतलेला एक स्टिल तीन आठवडे गाडीच्या डिकीतच आहे, घरी कुणाला सांगितलेलं नाही. मंडळातल्या एका मित्राला मागच्या अंगणातलं वाळलेलं झाड पाडायला मशीन हवंय. गावी भावालाही एक पाठवावं असं मनात आहे. प्रश्न असा, की सगळं विकून मोकळं व्हावं, की घरच्यांना समजावून छंद चालू ठेवावा?

प्रिय वाचक,

तुमच्या मूळ पत्रात पहिल्या होमलाइटवर दीड पान आहे. डायाफ्राम कसा कडक होऊन वाकला होता, एका बाजूला पॅकिंग आधी आणि दुसऱ्या बाजूला डायाफ्राम आधी हे कळेपर्यंत कसे अडलात, मग धूर कसा आला, सगळं आहे. डिकीतल्या स्टिलवर अर्धं पान आहे. मधल्या सगळ्या मशीनांवर मात्र एकच ओळ: 'वेळ मिळाला की बघणार.' तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला या हिशेबात दिसतं.

सोडू की समजावू, असं तुम्ही विचारता. दोन्हींत हे धरूनच चाललाय, की छंद नीट चालू आहे आणि अडचण घरच्यांची आहे. मला तसं वाटत नाही. छंदात काही वावगं आहे असंही वाटत नाही, हे आधी स्पष्ट सांगते. दिवसभर पडद्यावरच्या अक्षरांशी झुंजणाऱ्या माणसाला संध्याकाळी हाताला ग्रीस लागावंसं वाटतं, यात हसण्यासारखं काही नाही. फेकून दिलेली वस्तू पुन्हा चालती करणं हे मला फार मोलाचं काम वाटतं. पण तुमच्याकडे आज दोन छंद एकमेकांत मिसळलेत. एक आणण्याचा, दुसरा दुरुस्तीचा. आणायला दहा मिनिटं लागतात आणि त्या दहा मिनिटांत पहिल्या होमलाइटची सगळी आशा पुन्हा मिळते. दुरुस्तीला संध्याकाळच्या संध्याकाळ जातात, आणि तरी एखादं मशीन ढिम्म हलत नाही. दमलेला माणूस सोप्या बाजूला वळतो. जुने रेडिओ, लंबकाची घड्याळं, शिलाई मशीनं, बजाजच्या स्कूटर जमवणाऱ्यांचीही अशीच पत्रं मला येतात, आणि बहुतेकांचं दुखणं हेच असतं: आनंद दुरुस्तीत होता, शनिवार खरेदीत जातात.

आता पत्नीचं वाक्य पुन्हा वाचा. त्या तीन गोष्टी म्हणाल्या: भंगार, बर्फ आणि वास. भंगार या शब्दाला तुम्ही पत्रात पानभर उत्तर दिलंय, ही मशीनं कशी इतिहासाचा भाग आहेत वगैरे. वासाला एका ओळीचंही नाही. मी तुमच्या जागी असते तर तीच तक्रार सगळ्यांत आधी हातात घेतली असती.

तुमच्याकडचं गॅरेज घराला चिकटून असतं आणि कित्येक घरांत पाणी तापवायची टाकी किंवा घर गरम ठेवणारी भट्टी तिथेच असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरत राहते आणि वाटेत ज्योत भेटली की पेटते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या चेनसॉच्या टाकीचं झाकण गळतं, नळी तडकलेली असते. अशा तीस टाक्या एका खोलीत आहेत आणि भिंतीपलीकडे तुम्ही सगळे झोपता. पत्नीला जो वास येतो तो या वाफेचा आहे. त्याला छंदाचा विरोध समजून वाद घालत बसू नका.

येत्या रविवारी सगळी मशीनं उघड्यावर न्या. प्रत्येक टाकी पेट्रोलसाठीच बनवलेल्या डब्यात रिकामी करा. चालू असलेली पाच मशीनं बाहेरच सुरू करून आतलं उरलंसुरलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा. झाकणं उघडी ठेवून सगळी दिवसभर वाऱ्यावर राहू द्या. जुनं पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका, काउंटीच्या घातक कचऱ्याच्या संकलनाला द्या. ताज्या पेट्रोलचा एकच छोटा डबा ठेवा, तोही घरापासून दूरच्या शेडमध्ये. आणि इंजिन गॅरेजमध्ये कधीही सुरू करू नका, दार सताड उघडं असलं तरीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

यात मशीनांचंही भलं आहे. तुमच्याकडच्या बहुतेक पंपांवर १० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या काळच्या रबराला ते सोसत नाही. नळ्या मऊ होऊन तुटतात, डायाफ्राम ताठ होतात, कार्बोरेटरच्या आत पांढरट-हिरवट गंज धरतो. म्हणजे दुरुस्त केलेलं मशीन टाकी भरून ठेवलं, की वर्षाभरात पुन्हा बंद मशीनांच्या रांगेत येतं. तुम्ही आजवर दुरुस्त केलेली किती मशीनं अशी परत गेली असतील, याचा विचार करा. शक्य असेल तर बिनइथेनॉलचं पेट्रोल वापरा, काम झालं की टाकी रिकामी.

त्याच रविवारी डिकीतला स्टिल बाहेर काढा आणि घरी सांगून टाका. पैशांवरून तुमच्या घरी वाद नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मग लपवलं ते कशासाठी? मला वाटतं, हे मशीन घ्यायला नको होतं हे तुम्हाला ठाऊक होतं. पत्नीपासून लपवलेली वस्तू माणूस स्वतःपासूनही थोडी लपवत असतो. सांगताना सफाई देऊ नका. एवढंच म्हणा, की हा घेतला, सांगितला नाही, आता निम्मी गाडी आत येईल एवढी जागा रिकामी होईपर्यंत नवं काही आणणार नाही. निम्मी म्हणतेय कारण पूर्ण गाडीचं वचन एका झटक्यात दिलंत तर ते मोडेल. पहिला बर्फ पडायच्या आत पूर्ण गाडी आत आली पाहिजे, हे मात्र पक्कं धरा. मिशिगनच्या जानेवारीत रोज सकाळी काच खरवडायची पाळी त्यांच्यावर येते आणि आत तीस बंद इंजिनं उबेला असतात, हे त्यांच्या बाजूने एकदा बघा.

मग राहिला खरा प्रश्न: कोणतं ठेवायचं, कोणतं काढायचं. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण हा भाग अशाच पसाऱ्यात अडकलेल्या इतर वाचकांच्याही कामाचा आहे.

बाहेरून मशीन बघून काही ठरवू नका. रंग, कंपनीचं नाव, घासलेलं हँडल, यांवर मन बसतं आणि निर्णय चुकतो. प्रत्येक मशीनचा मफलर, म्हणजे सायलेन्सर, काढा. दोन-तीन स्क्रू असतात, पाच मिनिटांचं काम. मफलर निघाला की धूर बाहेर पडायचं भोक दिसतं आणि त्यातून पिस्टनची बाजू दिसते. टॉर्चचा उजेड पाडून, दोरी हळू हळू ओढत पिस्टन वर-खाली होऊ द्या. पिस्टनवर कारखान्यातल्या घडाईच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत असतील तर त्या मशीनने फारसं काम केलेलं नाही, ते बाजूला काढून ठेवा. मधोमध थोडी झिलई आली असेल तरी चालेल. पण उभे ओरखडे असतील, करड्या रंगाच्या खरबरीत पट्ट्या असतील, तर इंजिन कधीतरी तेलाशिवाय किंवा हवा जास्त ओढून तापलेलं आहे. नवा प्लग आणि नवं कार्बोरेटर किट टाकून ते सुरू होईलही, पण ताकद येणार नाही.

दुसरी चाचणी याहून सोपी. प्लग जागेवर ठेवा, मशीन स्टार्टरच्या दोरीच्या मुठीला धरून हवेत लटकवा. दाब चांगला असेल तर मशीन अडखळत, दमादमाने खाली येतं. सुरकन खाली आलं तर रिंगा किंवा सिलिंडर गेलंय. दाब मोजायचं मीटर असेल तर उत्तमच. साधारण १५० पीएसआय म्हणजे ठणठणीत, १२० च्या खाली सुरू करताना दमवणार, १०० च्या खाली वेळ घालवू नये.

या दोन चाचण्यांत तुमच्या तीसांचे तीन ढीग होतील. पिस्टन साफ आणि दाब चांगला, हा पहिला. यांना बहुधा ठिणगी नाही किंवा पेट्रोल पोचत नाही. फ्लायव्हीलखाली पॉइंट आणि कंडेन्सर असलेलं जुनं मशीन असेल तर पॉइंटवर काजळी धरलेली असते. जुनी स्कूटर किंवा लुना ज्यांनी चालवलीय त्यांना पॉलिश पेपरने पॉइंट घासायची सवय असेल, तेच काम. मग टाकीतली नळी, त्या नळीच्या टोकाचा फिल्टर, कार्बोरेटरचे डायाफ्राम. पहिल्या ढिगातलं मशीन एका-दोन संध्याकाळींत उठून बसतं आणि तुम्हाला सध्या गरज आहे ती अशा यशाची.

दुसरा ढीग पिस्टन खरडलेल्यांचा. इथे पिस्टन बदलण्याआधी तो का खरडला हे शोधलंच पाहिजे. कुणी तेल न मिसळता नुसतं पेट्रोल भरलं होतं का? की क्रँकशाफ्टच्या दोन टोकांची सील सुकून तिथून हवा आत जात होती? सील तशीच ठेवून नवा पिस्टन घातलात तर तोही त्याच वाटेने जाईल. या ढिगातली फक्त तीच मशीनं ठेवा ज्यांचे भाग मिळतात. होमलाइट एक्सएल-१२ किंवा मॅक्कलक १०-१० यांच्यासारखी मॉडेलं एवढी खपली होती की भाग आजही सापडतात. दुर्मीळ म्हणून मिरवणाऱ्या मशीनचा एक रबरी जोड मिळायला दोन वर्षं लागतात आणि तोवर ते फळीवर धूळ खातं. दुर्मीळपणाचा मोह पहिल्यांदा सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. हे जुने चेनसॉ ठेव म्हणून कुणी सांभाळत असेल तर त्याची निराशा होईल. बहुतेकांची किंमत दुरुस्तीच्या खर्चाइतकीही येत नाही.

तिसरा ढीग मेलेल्यांचा. चालू मशीनांना लागतील तेवढे भाग काढून घ्या, पिशवीत घालून मॉडेलचं नाव लिहा, बाकी सांगाडा भंगारात. मॅग्नेशिअमचं खोकं असतं बऱ्याच मशीनांना, ते वेगळं सांगून द्या. आणि हो, साफ करताना मॅग्नेशिअमला आम्ल लावू नका, धातू खाल्ला जातो. साधं डीग्रीझर, ब्रश आणि धीर पुरेसा आहे. रंग उडालेला असेल तर राहू द्या. नवा रंग फासून चकचकीत केलेल्या मशीनपेक्षा कुण्या लाकूडतोड्याच्या हाताने घासलेलं, पण पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू होणारं मशीन मला कितीतरी अधिक देखणं वाटतं.

शेवटी किती ठेवावीत? वर्षातून एकदा तरी प्रत्येक मशीन बाहेर नेऊन सुरू करता येईल तेवढीच. तुमच्या नोकरीच्या धबडग्यात ती दहा-बारा असतील. दहा-बारांत एक सूत्र ठेवलंत तर संग्रहाला अर्थ येतो. १९२६ साली आंद्रेयास स्टिल यांनी जर्मनीत श्टुटगार्टला विजेवर चालणारी करवत काढली, ती उचलायलाच दोन माणसं लागत. १९४९ साली मॅक्कलकचा ३-२५ आला, २५ पौंडांचा, एकट्या माणसाने चालवायचा. १९५९ चा स्टिल कॉन्ट्रा गिअरशिवाय थेट चेन फिरवायचा. १९६३ साली तुमचा एक्सएल-१२ आला, बार (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) आणि चेन सोडून बारा पौंडांच्या आसपास. म्हणजे चाळीस वर्षांच्या आतच हे यंत्र दोघांच्या खांद्यांवरून एका हातात आलं. साठीच्या मध्यावर हँडलला रबराचा आधार मिळाला, कारण थरथरीने लाकूडतोड्यांची बोटं पांढरी पडून बधिर व्हायला लागली होती. सत्तरीच्या सुरुवातीला चेन ब्रेक आला. या टप्प्यांचं एकेक मशीन तुमच्या फळीवर असेल तर बघणाऱ्याला कामगाराच्या शरीराची गोष्ट दिसेल. कॉन्ट्रासारखी मशीनं शोधत बसा असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे आहेत त्यांतूनच निवडा. एकही मशीन रबरी आधाराच्या हँडलचं नसेल तर योनसेरेड किंवा डिकीतला स्टिल बघा, त्यांत ते असण्याची शक्यता बरीच आहे.

मुलीचा प्रश्न मी शेवटी ठेवला नाही, मधे घेतला, कारण तो टाळायचा नाहीये. तिचं म्हणणं खोटं नाही. या यंत्राने जंगलं ज्या वेगाने गेली त्या वेगाने कुऱ्हाडीने कधीच गेली नसती. शिवाय जुन्या टू-स्ट्रोक इंजिनातून न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडतं, हे तुम्हीही मान्य करा. मान्य केल्याने तुमचा छंद खोटा ठरत नाही. मशीन तपासायला पाच मिनिटं चालवणं आणि दिवसभर त्यावर धंदा करणं यात फरक आहे, तो तिला कळेल. पण तिला भाषण देऊ नका, तिला एक गोष्ट सांगा. १९४६ साली ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका ओंडक्यातल्या अळीकडे बघत बसला होता. ती अळी जबडा डावीकडे-उजवीकडे फिरवत, तंतूंच्या आडवी-उभी, लाकूड सहज कुरतडत होती. ते बघून त्याने चेनचे दात डावा-उजवा असे आलटून पालटून वळवले. आजच्या चेनचं मूळ तिथे आहे. आणि तुमच्याच डेट्रॉइट भागात २००२ साली आशियातून आलेला हिरवा भुंगा सापडला, ज्याच्या अळ्यांनी सालीखालून पोखरून कोट्यवधी ॲश झाडं मारली. एका अळीकडून माणूस लाकूड कापायला शिकला, दुसरीने त्याच्या अंगणातली झाडं वाळवली. पर्यावरण शिकणाऱ्या मुलीशी बोलायला तुमच्या गॅरेजमध्ये याहून चांगला विषय नाही. तिला पटेलच असं नाही. तिला न पटण्याची मुभा असू द्या.

मित्राचं वाळलेलं झाड बहुधा ॲशच असणार, म्हणून यावर मी कडकपणे लिहिते. त्याला जुना चेनसॉ देऊ नका. भुंग्याने मारलेला ॲश ठिसूळ होतो. पाडताना अंदाज न येता फांदी किंवा अख्खा शेंडा वरून तुटून येतो, आणि अनुभवी माणसांनाही तो दगा देतो. झाड पाडायला विमा असलेला, शिकलेला माणूस बोलवा, त्याला पैसे द्या. जमिनीवर पडलेल्या खोडाचे तुकडे करायला तुम्ही जा, पण तेही चेन ब्रेक असलेल्या आधुनिक मशीनने. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी आधी ते घ्यावं, जुन्याचा विचार नंतर. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला टेकला की मशीन क्षणात उलटं तोंडावर येतं. तेवढ्या वेळात माणसाला विचारही सुचत नाही, ब्रेकच काय तो थांबवतो. तुमच्या एक्सएल-१२ ला तो नाही. पायांवर कापरोधक चॅप्स, जाळीचं हेल्मेट, कानांना संरक्षण, बूट, हे सगळं घातल्याशिवाय जुनं मशीन प्रात्यक्षिकापुरतंही चालवू नका. आणि कापलेलं लाकूड दुसऱ्या गावी सरपण म्हणून नेऊ नका, भुंगा तसाच पसरला.

गावच्या भावाचं म्हणाल तर पाठवू नका. ज्यात पेट्रोल होतं असं इंजिन विमानाने नेताना वास राहिला तरी अडवतात, आणि पोचलं तरी कणकवलीत त्याचा डायाफ्राम कोण देणार? भावाला काजू-आंब्याच्या छाटणीसाठी हवं असेल तर तिथल्याच दुकानातून, ज्याचे भाग तालुक्याला मिळतात, असं नवं मशीन घेऊन द्या. चॅप्स आणि हेल्मेट मात्र तुम्ही पाठवा, कारण नवं मशीन घेणारे पुष्कळदा तेवढंच घ्यायचं विसरतात. झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे, परवानगीशिवाय हात लावू नये, हे त्याला ठाऊक असेलच.

आता ज्यांना सगळं वाचून स्वतःही सुरुवात करावीशी वाटतेय त्यांच्यासाठी दोन शब्द. एकच मशीन घ्या. ते चालू करा. धार लावायला शिका, कारण बोथट चेनचा दोष इंजिनाला जातो. गोल कानस दाताच्या पोकळीत बसेल त्याच जाडीची घ्या, ३/८ इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला सहसा ७/३२ इंचाची लागते. एका बाजूचे सगळे दात आधी, मग दुसऱ्या बाजूचे, प्रत्येकाला सारख्याच ओढी, आणि ओढ फक्त पुढच्या दिशेला. धारदार चेनमधून लाकडाचे कपचे पडतात, बोथट चेनमधून पीठ. हे डोळ्यांनी ओळखता आलं की अर्ध्या तक्रारी संपतात. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाच्या प्रमाणात काटकसर नको. जुन्या पुस्तिकांतलं १६ ला १ हे त्या काळच्या मोटार ऑइलसाठी होतं. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक तेलाने अनेक जाणकार जुन्या इंजिनांना ३२ ला १ ठेवतात, म्हणजे एका गॅलनला ४ औंस.

तुम्ही मात्र सुरुवात पहिल्या ढिगातल्या सगळ्यांत साध्या मशीनने करा, मनातल्या सगळ्यांत लाडक्या मशीनने नव्हे. ते चालू झाल्यावरच दुसरं टेबलावर घ्या, एका वेळी एकच मशीन उघडं. कार्बोरेटरचं किट मागवताना चेनसॉचं मॉडेल सांगू नका, कार्बोरेटरवर कोरलेला टिलॉटसन किंवा वॉलब्रो या कार्बोरेटर कंपन्यांचा नंबर सांगा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कार्बोरेटर लागलेले असतात आणि चुकीच्या किटमधला डायाफ्राम बसल्यासारखा दिसतो, पण सुई उचलत नाही.